लाल काटा

आबांची मोटारसायकल खोटं बोलायची आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पेट्रोलचा काटा लालवर टेकला, की टाकीत चांगलं दोन लिटर शिल्लक असायचं. ‘लाल म्हणजे अजून दवाखाना आणि परत,’ हा घरचा हिशेब. सुनासुद्धा त्याच हिशेबाने गाडी चालवायच्या. आबांना तर त्या गाडीचं भारी कौतुक. म्हणायचे, “खोटारडी आहे, पण कधी रस्त्यात सोडलं नाही.”

मात्र थोरल्या मुलाला टोमणा मारायची संधी ते सोडत नसत. थोरला मेकॅनिक, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं गॅरेज. “काय मेस्त्री, जगाच्या गाड्या नीट करता, घरच्या गाडीला मुहूर्त कधी?” जेवताना हे ठरलेलं. थोरला हसून वेळ मारून न्यायचा, पण ते मनाला लागायचं. बापाने शाबासकी द्यावी असं ज्याला वाटतं, तो चाळिशीचा झाला तरी पोरच असतो.

एका दुपारी गॅरेजवर गिऱ्हाईक नव्हतं. त्याने घरून गाडी आणली. आधी टाकीखालचा कनेक्टर सोडवून दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या. काटा टुणकन ‘फुल्ल’वर गेला. म्हणजे मीटर ठणठणीत, खोट टाकीतच. पेट्रोल कॅनमध्ये काढलं, टाकी उतरवून उलटी केली, स्क्रू सोडवून फ्लोट बाहेर घेतला. पेट्रोलवर तरंगणारा एवढासा डबा आणि त्याची तारेची दांडी. त्या दांडीवर काटा हलतो. दांडी वरच्या बाजूला वाकली होती, म्हणून पेट्रोल असतानाच ती तळाला टेकायची. गाडी जुनी घेतलेली; आधीच्या मालकाचा पराक्रम, दुसरं काय! त्याने पक्कडीने दांडी हळूच सरळ केली, मल्टिमीटर लावून वरखाली हलवून पाहिली, गळू नये म्हणून नवं गॅस्केट घालून सगळं बसवलं.

मग पेलाभर पेट्रोल टाकीत ओतून चावी फिरवली. काटा लालवर. अगदी बरोब्बर लालवर! एवढ्या वर्षांत ती गाडी पहिल्यांदा खरं बोलत होती. तो एकटाच हसला. बाकीचं पेट्रोल त्याने मुद्दाम कॅनमध्येच ठेवलं. उद्या संध्याकाळी आबांना गॅरेजवर आणायचं, त्यांच्यासमोर पेट्रोल ओतायचं, आणि काटा चढताना त्यांचं तोंड बघायचं. गाडी त्याने घरी नेऊन लावली आणि कुणाला अवाक्षर बोलला नाही. आबांच्या हृदयाची तपासणी परवा होती. उद्या गाडी कोण नेणार?

सकाळी तो गॅरेजवर गेला आणि मागोमाग दवाखान्यातून घरी फोन आला. उद्या डॉक्टर नाहीत, आजच या. धाकट्याने गाडी काढली, आबा मागे बसले. वाटेत पेट्रोल पंप लागला. धाकट्याने काट्याकडे बघून वेग कमी केला.

“लालच आहे ना?” आबा मागून म्हणाले. “मग चल की. रांगेत कशाला उभं राहायचं?”

नदीवरच्या पुलाचा चढ अर्धा झाला आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. धाकट्याने टाकी हलवून पाहिली. कोरडी. मागून ट्रक हॉर्न मारत होते. तो उतरून ढकलू लागला.

“आबा, तुम्ही कडेला उभे राहा. तुम्हाला जोर लावायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय.”

“माझी गाडी आहे. मी बघत उभा राहू?”

आबांनी मागून हात लावला. गाडी पुलाच्या माथ्यावर पोचली. तिथे धाकट्याला ती एकदम जड लागली, म्हणून त्याने वळून पाहिलं. आबा रस्त्यावर पडले होते.

दवाखाना समोर दिसत होता. रिक्षाने तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अंत्यविधी उरकल्यावर धाकटा पुलावरची गाडी ढकलत गॅरेजवर घेऊन आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. थोरल्याने स्टूल पुढे केलं, पण तो बसला नाही. त्याने चावी फिरवली आणि काट्याकडे बोट दाखवलं.

“दादा, हा लालवरच होता रे. आईशप्पथ, लालवरच होता. दोन लिटर असतं ना? मी पंपावर थांबत होतो, आबा चल म्हणाले. माझं काय चुकलं? तू एकदा काटा तपास. काहीतरी बिघडलंय.”

कोपऱ्यातला कॅन तसाच भरलेला होता. गप्प बसलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. काट्याला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. आणि हा वेडा जन्मभर स्वतःला विचारत राहिला असता, माझं काय चुकलं.

“बिघडलेलं नाही,” तो म्हणाला. “मी दुरुस्त केला.”

धाकट्याचं बोट काट्यावरून खाली आलं. “कधी?”

“आदल्या दिवशी.”

“आणि सांगितलं नाहीस?”

थोरला मटकन स्टुलावर बसला. त्याला रडू आवरेना.

“आबांना गंमत दाखवायची होती,” तो म्हणाला.