अंगठ्याचा खळगा

दादाच्या टेबलावर चमच्याच्या अकरा मुठी होत्या: सहा थ्रीडी प्रिंटरवर अर्धवट छापलेल्या, चार तडकलेल्या आणि एक बाबांची, रोजच्या वापरातली. तीही काल फुटली.

बाबांचे हात थरथरतात, पण कुणी भरवलेलं त्यांना मुळीच चालत नाही. म्हणून दादाने ही जड मूठ बनवली आणि तिचा आराखडा नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. घ्या, बदला, छापा. फक्त केलेला बदल परत इथे टाका. दादा हिवाळ्यात गेला. आराखडा बदलत राहिला.

मी ताजी आवृत्ती उघडली. कुठल्या तरी दूरच्या फिजिओथेरपिस्टने मुठीच्या आत थरथर कमी करणारं फिरतं वजन बसवलं होतं. खाली टीप होती: ‘अंगठ्याजवळचा खळगा चुकून आलेला दिसतो. काढून टाकला.’

चुकून नव्हता. बाबांच्या हाताचा ठसा घेताना माती दर वेळी विस्कटायची. शेवटी दादाने स्वतःचाच अंगठा दाबला. तसं लिहून ठेवायचं मात्र राहून गेलं.

मी नवी मूठ छापली. बाबांनी शंभर मिलिलिटर पाणी चमच्याने एका वाटीतून दुसरीत न्यायचं, ही दादाचीच चाचणी. ब्याण्णव पोचलं. जुन्या मुठीने कधी साठसुद्धा ओलांडले नव्हते.

“बाबा, पहिला नंबर!”

“बक्षीस काय? आणखी पाणी?” ते हसले. मग त्यांचा अंगठा मुठीवर काहीतरी शोधत राहिला. “इथला खड्डा कुठे गेला गं?”

“काढलाय त्यांनी.”

“त्याचा अंगठा होता तो.”

हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

“खळगा ठेवला तर फिरतं वजन मावत नाही, बाबा. सांडेल.”

“सांडू दे. शर्ट माझाच आहे ना?”

मी वजन काढलं, खळगा परत घातला आणि मूठ पुन्हा छापली. आराखड्यावर टीप टाकली: ‘ही चूक नाही.’ पुढचं लिहवेना.

दुपारी सूप मोजून वाटीत ओतलं. बाबा अंगठा खळग्यात रोवून जेवायला बसले. मध्येच थांबले. मूठ हातातच ठेवून म्हणाले, “दमलो. उरलेलं तू भरव.”

मी दुसरा चमचा आणला.

शंभर मिलिलिटरपैकी बाबांनी स्वतः एक्कावन्न घेतलं, बत्तीस मी भरवलं, सतरा सांडलं.