बाप जिता असताना

केरबाची मिशी म्हंजी वाळूजच्या त्या कारखान्यात एक नंबर. दोन्ही टोकं वर, रोज तेल, मधल्या सुट्टीत पोरं उगाच हात लावून बघायची. पिशोरच्या मेंढरंवाल्याचं पोरगं, शिक्षन सातवी नापास, पन कामाला लई दांडगं. बजाजनगरात एका खोलीत ऱ्हायचा, जोडीला बिडकीनचा सांडू. सांडू जयभीमवाला, केरबा धनगर. स्टोव्ह एक, तवा एक, अन भाकरी कोन थापनार ह्याच्यावर भांडन रोजचं.

तर झालं असं, लाईनवर सुपरवायझरची जागा मोकळी झाली. श्रीनिवास सायब म्हंजी वरचे मोठे. गुळगुळीत गाल, कडक इस्त्री, अन अत्तर असं की मानूस पुढं निघून गेला तरी वास मागं उभा. त्यांनी केरबाला केबिनीत बोलावलं.

"काम चांगलं आहे तुझं," सायब म्हनले. "पण सुपरवायझर म्हणजे कंपनीचं तोंड. बाहेरची माणसं येतात. त्यांच्यासमोर हे झुडूप घेऊन उभा राहणार का? जरा माणसात ये. मग बघू."

खोलीवर आल्यावर केरबानं सांडूला सांगितलं. सांडू कांदा कापत व्हता, तो थांबलाच.

"आरं, बाप जिता हाय ना तुझा? बाप जिता असताना मिशी उतरवतं का कुनी? आप्पा जोड्यानं हानंल."

"आप्पाला कोन सांगतंय? जागा भेटली की वाढवीन परत."

"मंग नागडाच जा की सायबापुढं. आनखी स्वच्छ दिसशील."

केरबा हसला, पन रातभर मिशीवरच हात. सकाळी उठून न्हाव्याकडं गेला. खुर्चीत बसला अन हळूच म्हनला, "मिशी काढ."

न्हावी म्हातारा, जुन्या चालीचा. त्याचा हात तिथंच थांबला. "कधी गेलं वडील?"

मागं बाकड्यावर चार जन नंबर लावून बसलेले. सगळ्यांनी माना वर केल्या. आता काय सांगावं? सायबाला आवडत नाय म्हनून काढतो म्हनलं असतं, तर दुपारपातुर सगळं वाळूज हसलं असतं. केरबाची मान खाली गेली. न्हाव्यानं समजायचं ते समजलं. वाटीतलं पानी घेतलं अन थेट डोकंच भिजवलं. बाप गेल्यावर नुसती मिशी थोडीच काढतेत, डोकं बी करतेत. थांब म्हनायला केरबाचं तोंड उघडलं, पन तोवर अर्धं टकुरं सफाचट झालं व्हतं. न्हाव्यानं पैसं बी घेतलं नाय. "ऱ्हाऊ दे," म्हनला, "दुखाचं काम हाय."

कारखान्यात पाय ठेवला तर समोर सायबच.

"अरे! वडील?"

केरबानं टकुऱ्यावरनं हात फिरवला.

"कधी?"

"झालं... आठ-दहा दिस."

"आणि रजा नाही घेतलीस?"

केरबाच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "लाईन बंद पडली असती, सायब."

सायबांचे डोळे भरले की वो! दुपारी त्यांनी सगळ्यांना उभं केलं, केरबाच्या खांद्यावर हात ठेवला अन म्हनले, "बघा. ह्याला म्हणतात निष्ठा." सांडू मागं उभा व्हता. त्यानं केरबाकडं बघितलं, मंग आपल्या बुटाकडं बघितलं. केरबाला लाज वाटली, नाय असं नाय. पन पोटात गुदगुल्या बी झाल्या. जागा आता आपलीच.

त्याच महिन्यात नामांतर झालं, विद्यापीठाला बाबासायबांचं नाव लागलं. कुठं गुलाल उधळला, कुठं दगडं आली. एसट्या बंद, दुकानं बंद. सांडू निळा झेंडा घेऊन विद्यापीठाच्या गेटाकडं गेला. केरबा मातर कामावर. अर्धा कारखाना रिकामा, अन सायब गेटावर उभे, कोन कोन आलं ते बघत.

"शाब्बास," सायब म्हनले. "आज तुझ्या ऑर्डरवर सही करतो."

तेवढ्यात रस्त्याच्या कडंनं एक म्हातारा येताना दिसला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पाय सुजून भोपळ्यावानी. शहर जळतंय असं कुनीतरी गावात उठवलं व्हतं. एसटी नाय म्हनून म्हातारा पिशोरहून पायीच निघालेला. लांबूनच वरडला, "केरबा! जिता हायेस का रं, लेका?"

"कोण हे?" सायबांनी इचारलं.

सायब बघत व्हते. सही व्हायची व्हती.

"चुलते," तो म्हनला. "थोरले चुलते हायेत, सायब."

आप्पा जवळ आला. त्यानं ऐकलं व्हतं. पोराचं टकुरं बघितलं, नागडा ओठ बघितला. उभ्या जन्मात मेंढरं राखली त्यानं, पन असं जनावर बघितलं नसंल.

"व्हय, सायब," आप्पा म्हनला. "ह्याचा बाप गेला. माझा भाव व्हता."

"फार गुणी मुलगा आहे हो तुमच्या भावाचा. बाप गेला तरी रजा नाही मागितली."

"आसं का," आप्पा म्हनला. "मातीला आलाच नाय म्हना की."

सायबांना काय कळलं नाय. भोंगा झाला. आप्पानं गेटावरच्या नळाला पानी पिलं, पायावर घेतलं, अन आला तसा उलटा निघाला. केरबा आत गेला.

रातच्याला सांडू आला, कपाळभर गुलाल. सगळं ऐकून घेतलं त्यानं. पेढा हातातला हातातच ऱ्हायला. "आमी एका नावासाठी इतकी वरसं डोकी फोडून घेतली," म्हनला, "अन तू खुर्चीसाठी बापाचं नाव पुसलंस. बस आता खुर्चीवर." वळकटी उचलली अन गेला.

केरबा सुपरवायझर झाला. डोक्यावर केस आले. मिशी काय त्यानं परत ठेवली नाय. पिशोरला दोनदा गेला, दोन्ही येळेला आप्पा मेंढरं घेऊन रानात. सांजंला बी आला नाय.

दिवाळीच्या तोंडाला गावचा मानूस गेटावर आला. "आप्पा गेलं, केरबा. चल. मढं तुझ्यासाठी ठिवलंय."

केरबा पळतच केबिनीत गेला. "सायब, रजा पायजे. आत्ता."

"का रे?"

केरबा उभा ऱ्हायला. ओठ हालले, पन तो शबुद काय बाहीर येईना.

"चुलते... चुलते वारले, सायब."

"अरेरे. तेच का, गेटावर आले होते?" सायबांनी घड्याळाकडं बघितलं. "पण आज माल निघायचाय रे. घरी त्यांची मुलं, पुतणे वगैरे असतील ना? ते करतील सगळं. आणि तू तर सख्ख्या बापाला नाही गेलास."

केरबा खाली लाईनवर आला. गावचा मानूस उन्हं कलंस्तोवर गेटाबाहेर वाट बघत बसला, मंग एकलाच निघून गेला. पिशोरात आप्पाला पुतन्यानं अग्नी दिला. मिशी बी त्यानंच उतरवली.