घंटा होईपर्यंतचं जेवण

मी कुकर बोलतोय, पण जरा घाईतच बोलतो. मी राहतो अग्निशमन केंद्राच्या स्वयंपाकघरात, आणि इथे घंटा कधी होईल ते देवालाही ठाऊक नसतं.

कारखान्यात पत्र्याच्या एका चकतीला दाबून-ओढून मला आकार दिला, आत हवा भरली आणि पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही म्हणून पास झालो. स्वभाव तेव्हापासूनच असा आहे. आतल्या आत धुमसायचं आणि असह्य झालं की शिट्टी मारून मोकळं व्हायचं.

माझी पहिली मालकीण शिवणकाम करायची. तिची पोरकी भाची तिच्याकडेच वाढली. शिलाई मशीन आणि मी, दोघं एकाच खोलीत खडखडत असायचो. "डाळ वेगळी, भात वेगळा, भाजी वेगळी करायला मला काय चार हात आहेत?" असं म्हणत मावशी सगळं माझ्यातच लोटायची आणि पुन्हा कापडाकडे वळायची. भाची त्याच जेवणावर वाढली. पुढे ती अग्निशमन दलात लागली आणि निघायच्या दिवशी मावशीनं डोळे पुसत मला तिच्या पिशवीत कोंबलं. म्हणाली, "आगीशी खेळायचं ते खेळ बाई, पण पोटातली आग आधी विझवत जा."

इथे सगळे तिला 'ठिणगी' म्हणतात. हे तिचं दुसरं केंद्र. जवान पाळीपाळीनं स्वयंपाक करायचे. त्यात बंबाचे ड्रायव्हर, म्हणजे आमचे काका, मुख्य. शेगडीच्या चारही चुली पेटवून एकीवर रस्सा, एकीवर भात, एकीवर अंडी, एकीवर दूध असा त्यांचा थाट असायचा. आणि नेमकी घंटा व्हायची. गॅस बंद करून सगळे धावत सुटायचे. परत आल्यावर भाताचा गोळा, रस्सा कच्चा आणि दूध नासलेलं. मग चिडचिड, आणि शेवटी बिस्किटं.

पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "मटण नको म्हणतेस, ठीक. अंडं?"

"नको."

"दही तरी?"

"तेही नको. जनावराचं काहीच नको, काका."

"मग खातेस काय, वारा?"

ठिणगी हसली. ड्यूटीवर आल्या आल्या तिनं चवळी भिजत घातली होतीच. दुपारी मला शेगडीवर ठेवलं, तेलात कांदा-लसूण परतला, टोमॅटो, चवळी, तांदूळ, तिखट-मीठ आणि पाणी घालून झाकण लावलं. मी तापलो, पहिली शिट्टी दिली आणि घंटा झाली. गॅस बंद, सगळे पसार. पण माझ्या पोटातली वाफ कुठे जाणार? माझं काम आतल्या आत चालूच होतं. ओलेचिंब होऊन ते परतले तेव्हा झाकण उघडलं, तर सगळं मऊ शिजून तयार.

"आजारी माणसाचं जेवण," काका तोंड वाकडं करून म्हणाले आणि ताट पुन्हा पुढे केलं.

मग मसूर-दलिया झाला, राजमा-तांदूळ झाला. बाकीच्या चुली थंडच राहू लागल्या.

एकदा मला घासता घासता काकांनी विचारलं, "पण दूध का गं सोडलंस?"

कोथिंबीर निवडता निवडता ती म्हणाली, "आधीच्या केंद्रात असताना एक गोठा पेटला होता, काका. गाई साखळीला बांधलेल्या. साखळ्या तोडायला मी आत गेले. काही निघाल्या. ज्या निघाल्या नाहीत त्यांचा आवाज... दुधाचा पेला तोंडाशी नेला की तो अजून ऐकू येतो."

दुसऱ्या दिवशी काकांची पाळी होती. त्यांनी कुणी न सांगता राजमा भिजवला होता.

आणि मग ती गोदामाची आग. भर दुपारी घंटा झाली, ठिणगीनं गॅस बंद केला आणि शिरस्त्राण उचलून पळाली. मी एकटाच. वाफ उतरली, झाकण सैल झालं, अंग कोमट झालं. बंब काही येईना. इतका उशीर कधी झाला नव्हता. मला धुमसताही येईना, शिट्टीही मारता येईना.

शेवटी बंब आला. पावलं मोजायची मला सवय नाही, पण तिची पावलं त्यांत नव्हती हे लगेच कळलं. गोदामातला जिना कोसळला होता, त्याच्याबरोबर ती खाली पडली होती आणि तिला इस्पितळात नेलं होतं. काका तसेच काळवंडलेल्या हातांनी माझ्यासमोर बसले.

केंद्राचे साहेब म्हणाले, "जेवून घ्या. पुन्हा घंटा झाली तर?"

"ती कशी आहे ते कळल्याशिवाय झाकण उघडायचं नाही," काका म्हणाले. साहेबांशी असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. साहेबही मग स्टूल ओढून बसले.

इस्पितळातून फोन आला. पाय दोन ठिकाणी मोडला होता, ऑपरेशन करावं लागणार होतं, पण शुद्धीवर होती. काकांनी फोन ठेवला, झाकण काढलं आणि पहिला घास तोंडात घालता घालता लहान मुलासारखे रडले.

पाय जुळला, पण शिडी सुटली. आता ठिणगी नियंत्रण कक्षात फोन घेते. सुटीच्या दिवशी काठी टेकत इथे येते आणि शेगडीपाशी बसते. परवाही आली होती. मसूर चढवला होता, तेवढ्यात घंटा झाली. ती ताडकन उठली, पायानं साथ दिली नाही, पुन्हा खाली बसली. बंब तिच्याविना निघून गेला. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच उरलो. तिची बोटं ओट्यावर नुसती वाजत होती.

"सोडून जातात नं सगळे?" ती मला म्हणाली. मग उठून तिनं ताटं पुसली, काढून ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

माझी एकच विनंती आहे. रस्त्यात बंबाचा आवाज ऐकलात तर चटकन बाजूला व्हा. आत बसलेली माणसं अर्ध्या जेवणावरून उठून आलेली असतात, आणि खिडकीपाशी कुणीतरी त्यांची वाट पाहत उभं असतं.