चंथाचं इन्सुलिन

साल १९८३. सरकार इन्सुलिन पुरेसं देत होतं, तरी चंथाची साखर काही खाली येईना. शिकागोच्या दवाखान्यात डॉक्टर कांचन तिच्यावर उखडलीच. "फुकट मिळतं म्हणून किंमत नाही होय?"

कंबोडियातून आलेल्या चंथाने मान खाली घातली. "अर्धं एल्वीराला देते."

एल्वीरा तिची शेजारीण, एल साल्वाडोरहून जीव मुठीत धरून पळून आलेली. तिलाही मधुमेह.

कांचन ओशाळली. तिने तडक सरकारी ऑफिसला फोन लावला.

"चंथा सरकारमान्य रेफ्युजी आहे, तिला कव्हरेज आहे," क्लार्क म्हणाला. "एल्वीराचा आश्रयाचा अर्ज पेंडिंग आहे. निकालापर्यंत काही मिळणार नाही."

"कधी लागेल निकाल?"

"दोन वर्षं तरी."

"तोवर ती मरेल!"

"मग फाइल क्लोज होते, मॅडम."

कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन आदळला, चंथाचं प्रिस्क्रिप्शन पुढे ओढलं आणि डोस दुप्पट लिहिला.

"यातलं अर्धंच टोचायचं," ती गुरगुरली. "थेंबभर जरी जास्त घेतलंस, तर माझ्याशी गाठ आहे!"