सेल्माच्या आवाजातली रोझलीन

मी एक जुनी फिल्म आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलेलं नाही, आणि ते बरंच झालं. मी मुलांनी पाहावी अशी नव्हतेच. बायकांना कमी कपड्यांत दाखवून चार पैसे मिळवायचे, एवढ्यासाठी मला बनवलं गेलं.

अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात, एका दंतवैद्याच्या दवाखान्यात माझं चित्रण झालं. तो माझे दिग्दर्शक मर्व्ह ग्लासमन यांचा मेहुणा. दवाखाना रविवारी बंद असे, म्हणून काम फक्त रविवारी चाले. मर्व्हची बायको सेल्मा सगळ्यांसाठी मीटबॉलचे सँडविच आणायची. नायिका रोझलीन कुबिक टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी असायची.

"हीटर लावा ना, मर्व्ह. दात वाजतायत माझे."

"हीटर लावला की फ्यूज उडतो, बाई. वाजू देत. दवाखाना दातांचाच आहे."

आमच्याकडे आवाजाचं यंत्र नव्हतं. आधी चित्र घ्यायचं, आवाज मागाहून भरायचा, तोही ज्याला वेळ असेल त्याचा. एका प्रसंगात मात्र रोझलीन अंगभर कपड्यांत होती. त्यात तिला आईला फोन करायचा होता. ती असं काही बोलली की सेल्माचा घास हातातच राहिला.

"रोझ, आवाज घेत नाहीयोत आपण," मर्व्ह म्हणाले. "नुसते ओठ हलवले तरी चालतं."

"ठाऊक आहे. एकदा मनापासून बोलू द्या की."

आवाज भरायच्या दिवशी तिला बोलावलंच नाही. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्यांना ब्लँकेटं लावून सेल्मानेच तिची वाक्यं म्हटली. माझ्या कडेच्या बारीक पट्टीत तो आवाज कायमचा बसला.

मग मी गावोगावच्या कळकट थिएटरांत फिरले. कोट न काढता बसलेले पुरुष मला बघत आणि मान खाली घालून निघून जात. मला चालवणारे ऑपरेटर आवडलेले तुकडे कात्रीने कापून खिशात घालत. ज्यासाठी मला बनवलं, ते सगळं असं हळूहळू गेलं. फोनचा प्रसंग कुणालाच नको होता, म्हणून तो राहिला.

पुढे मर्व्हच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे मी वर्षानुवर्षं पडून होते. दमटपणाने आक्रसले, अंगाला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला. सेल्मा वारली, तेव्हाही मला कुणी बाहेर काढलं नाही.

एके दिवशी नोरीन आली. रोझलीनची मुलगी. ती पाळण्यात असतानाच रोझलीन वारली होती.

"आईचे फोटो आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "आवाज कधी ऐकला नाही. तेवढा ऐकवा."

मर्व्हनी मला रंगाच्या डब्यांमागून काढलं. त्यांनी मशीन लावलं. भिंतीवर रोझलीनने फोन उचलला, आणि खोलीत आवाज आला, "आई, मी उद्या येते गं." नोरीनने तोंडावर हात ठेवला.

"असा होता तिचा आवाज?"

हो म्हटलं असतं तरी तिला कळलं नसतं. मर्व्हनी मशीन थांबवलं.

"नाही गं, बाळा. ही माझी बायको. तुझ्या आईचा आवाज आम्ही घेतलाच नाही."

नोरीन मशीनपाशी आली. मग म्हणाली, "आवाज बंद करून लावा."

मर्व्हनी लावलं. ती भिंतीजवळ जाऊन आईच्या ओठांकडे बघत राहिली. ओठ सेल्माच्या वाक्यापेक्षा बरंच जास्त काही बोलत होते. काय, ते कुणालाच कळलं नाही.

मग तिने वळून पाहिलं. म्हातारा डोळे पुसत होता.

"आता आवाजासकट लावा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

मित्रांनो, मला ते जमायला हवं होतं. पण रोझलीनने फोन उचलला आणि सेल्मा बोलणार, तोच माझी कड फाटत गेली आणि मी तुटले. पांढऱ्या भिंतीसमोर दोघं तशीच बसून राहिली.

आम्हा जुन्या फिल्मना थंड, कोरड्या जागी ठेवा, एवढंच मागणं आहे. आणि घरात कुणी मनापासून बोलत असेल, तर ते तेव्हाच ऐकून घ्या.