बाटली संपेल तिथं

सकाळ. साडेसतरा किलोमीटर. भीमेच्या पुलापलीकडे, वीटभट्टीपाशी.

इंजिनानं दोन आचके दिले आणि मारुती रस्त्याच्या कडेला गप्प झाली. बिरदेवला हेच हवं होतं. टाकीची नळी काढून त्यानं बॉनेटखाली एक लिटरची बाटली उलटी बांधली होती आणि नळी तिला जोडली होती. बाटली संपेल तिथं गाडी थांबणार. मीटर जेवढे किलोमीटर दाखवेल तेवढी ती लिटरला चालते. मेस्त्री लोकांची जुनी युक्ती. पाच दिवस झाले, रोज सकाळी गाडी वीटभट्टीपाशीच थांबत होती. फार तर दहा पावलं इकडं की तिकडं.

नळी परत टाकीला. रांजणगावला पहिली पाळी सातला. उशीर झाला, तरी तो हसत होता. सकाळचा थांबा नुसता तुलनेपुरता. सकाळी शेपूट नसायचं.

दुपार. बावीस. न्हावऱ्याच्या पुढे, पांढऱ्या दगडापाशी.

शेपूट म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वरून फ्लेक्सचं कापड. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड होता. आतल्या बाजूनं अजून अर्धा हार आणि एक मिशी दिसायची. गाडीच्या मागं ते निमुळतं होत जायचं, माशासारखं. गाडी वाऱ्यातून गेली की मागं भोवरा होतो, तो गाडीला मागं ओढतो. शेपूट लावलं की वारा गुमान मिटतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मागच्या काचेवरच धूळ का बसते, या एका प्रश्नानं त्याची दोन वर्षं खाल्ली होती.

कंपनीच्या गेटमधून मात्र तो शेपूट लावून कधी गेला नाही. पाळी सुटली की अर्ध्या किलोमीटरवरच्या लिंबाखाली थांबायचं, घडी उलगडायची, चार बोल्ट आवळायचे. गेटवर हौसराव बसायचा, आणि हौसरावाच्या तोंडाला झाकण नव्हतं.

साडेसतराचे बावीस! खिशात राजीनामा होता. उद्या एक तारीख, उद्या द्यायचा. यवतला हायवेला गाळा बघून झाला होता. प्रत्येक गाडीला शेपूट. पुढं ट्रकला. पुढं

घर. बाटली नाही, थांबा नाही.

"कायम व्हायला सहा वर्षं लागली तुम्हाला," पूनम भाकरी थापता थापता म्हणाली. "सहा. आन् सोडायला एक कागद."

"बावीस आलं, पूनम. पाच दिवस बावीस."

"मला लिटरमधलं कळत न्हाई. शाळा उघडली की दोन पोरांची दप्तरं लागत्यात, ते कळतं."

तो बसला, उठला, पाणी प्यायला, परत बसला. बाहेर गाडीपाशी त्याचे वडील, गेणबाआबा, उभे होते. सारा जन्म मेंढरामागं गेलेला माणूस. आता दारात दहाच मेंढरं, पण काठी सुटली नव्हती. गाडीच्या पत्र्यावर बिरदेवनं लोकरीचे बोटभर झुपके चिकटवले होते, वारा कुठून कसा वाहतो ते दिसायला. आबा त्यांतलाच एक चाचपत होते.

"माझ्या काळ्या मेंढीची हाय ही लोकर. इचारलं न्हाईस."

"आबा, थोडीशीच घेतली."

"घे की. चांगली दिसतीया." आबांनी सगळ्या झुपक्यांवरून नजर फिरवली. गाडी उभी होती, तरी झुपके उडत होते, सगळे दौंडाकडं तोंड करून. "बिरदेवा, ही शेपटाची मोजणी तू कवा करतोस?"

"सुटल्यावर. येताना."

"आन् बिनशेपटाची?"

"सकाळी. जाताना."

आबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"लेका, वैशाखात सकाळी पान हलत न्हाई. दुपारी मावळतीकडनं सुटतो तो थेट दौंडाकडं. आमी मेंढरं कशी न्यायचो? दुपारी चारत जाताना तोंडावर वारा. दमून येताना पाठीवर वारा. वाराच घरला आणून सोडायचा. मेंढरू काय जोरात चाललं म्हणून न्हाई." त्यांनी काठीनं शेपटाला टोचलं. "हे काढून ये की एकदा घरला."

एक तारीख. दुपार. थांबा माहीत नाही.

राजीनामा दिला नाही. उद्या देऊ. लिंबाखाली शेपूट घडी करून मागच्या सीटवर पडलेलं, बाटली गच्च भरलेली. साठचा वेग, रोजच्यासारखा. वारा पाठीशी, रोजच्यासारखा. रोज मात्र तो म्हणायचा, चल, अजून, अजून. आज म्हणत होता, थांब.

सोळा. थांब.

साडेसतरा. आता. इथंच थांब, बाई.

अठरा.

न्हावरा आला, गेला. रसवंतीचे घुंगरू वाजले, मागं राहिले. एकोणीस. पाय आपोआप जड पडायला लागला. तो त्यानं उचलला, काटा परत साठवर आणला. खोटं मोजायचं नाही. वीस. खिडकीतून हात बाहेर काढला, तर हाताला वारा सकाळच्या निम्माच लागला. वारा संगतीनंच चालला होता, बैलगाडीखालच्या कुत्र्यासारखा. नाही. गाडी आपणच ओढतो असं मानणारा कुत्रा कोण होता ते आता दिसत होतं.

एकवीस. थांब ना गं.

एकवीस आणि वर तीनशे मीटर.

दोन आचके. गप्प.

तो खाली उतरला. वाऱ्यानं सदरा पाठीला चिकटवला. पुढं, वळणावर, पांढरा दगड दिसत होता. बिरदेव नळी न जोडता तसाच चालत सुटला, पावलं मोजत. शंभर. चारशे. एक जीपवाला ओरडला, "पाव्हणं, गाडी इकडं हाय!" त्यानं हात केला, आकडा विसरू नये म्हणून बोलला नाही. नऊशे एकोणचाळीस पावलांवर दगड.

तो दगडावर बसला. बसवेना. उठला.

वाढलेल्या साडेचार किलोमीटरांतले पावणेचार वाऱ्याचे. नऊशे एकोणचाळीस पावलं शेपटाची. एवढ्यावर गाळा घेता येत नाही. पण शून्यही नाही. तो परत निघाला तेव्हा वारा तोंडावर होता, डोळ्यांत माती जात होती, आणि डोक्यात आधीच दुसरं काहीतरी सुरू झालं होतं: शेपूट अजून वीतभर लांब असतं तर? खालून पोटाला पत्रा मारला तर? खरं कामाचं तर ते वारा तोंडावर असतानाच, आणि तेव्हा आपण एकदाही मोजलं…

दोन तारीख. सकाळ.

गेटवर हौसराव खुर्चीतून उठलाच.

"बिरदेव! आरं, गाडीला दिवस गेल्यात का काय?"

मागं बससाठी उभे असलेले दहाजण खिदळले. शेपटावरची मिशी उन्हात चमकत होती. घाईत त्यानं फ्लेक्स उलटा लावला होता.

"व्हय, मामा."

"आन् बाप कोण? ह्यो मिशीवाला?"

कानशिलं तापली. पण त्यानं गाडी बंद केली, उतरला, आधी वाटेत बाटली संपली तिथला आकडा तळहातावर पेनानं लिहिला. मग शेपटाचा डावा बोल्ट हलवून पाहिला. रस्ताभर तिथं खडखड वाजत होती. त्यानं खिशातला कागद काढला, चार घड्या केल्या, बोल्टाखाली दाबून बसवला आणि आवळला.

"काय रं त्ये?" हौसरावानं विचारलं.

"पॅकिंग."

"किती दिवस हे सोंग?"

"जाताना बी मोजायचंय आन् येताना बी," बिरदेव म्हणाला आणि पळत सुटला. सात वाजून गेले होते.