ओळ पुरी होऊ द्या

मी प्रिंटर बोलतोय. शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडे पत्र्याच्या पिंपांमागे पडलोय. अंगावर एक जुनी गोधडी आहे. मला स्वस्थ बसायची सवय नाही. सात वर्षं कागदावर टकटक करण्यात गेली, आता गप्प पडून जीव नुसता वरखाली होतो. म्हणून घाईघाईनं सांगतो, ऐका.

१९८२ साली कुंभिवलीच्या एका कारखान्यात मला आणलं. बॉयलरशेजारच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या बाजूला बसवलं. बॉयलरमधल्या वाफेचा दाब दर मिनिटाला छापायचा, हे माझं मुख्य काम. मधूनमधून गोदामातल्या पोत्यांचे आकडेही छापायचे. बॉयलर सांभाळायचे हिरूकाका. माझा आकडा बघून ते आग कमीजास्त करत. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. "ह्यो आपला माणूस हाय. कटकट करतो, पन खोटं नाय बोलत," असं ते म्हणाले की मी फुगायचो.

भाकरीच्या वेळी मात्र त्यांना माझा आवाज नको असे. बारा वाजले की एक जण दाबाच्या काट्याकडे तोंड करून बसे. हिरूकाका माझं बटण दाबत, मी थांबलो की वर गोधडी टाकत. सगळे शांतपणे जेवत आणि मी आत चडफडत राही. जेवण झालं की गोधडी काढून पुन्हा बटण.

या सवयीपायीच घोळ झाला. कॉम्प्युटरमध्ये मला चालवणारा एक छोटा प्रोग्राम होता, त्याला ड्रायव्हर म्हणत. प्रत्येक ओळीसाठी तो मेमरीतला एक खण मागून घ्यायचा आणि त्यात अक्षरं ठेवायचा. मी ती एकेक उचलून छापायचो. ओळ संपली की खण परत. पण मधेच बटण दाबलं की हा गडी खण परत करायलाच विसरायचा. रोज दुपारी एखादा खण असा जायचा. खण होते चौसष्ट. सगळे संपले की कॉम्प्युटर ठप्प आणि मी मुका.

एरवी महिन्याकाठी कॉम्प्युटर बंद करून चालू केला की खण परत मिळायचे; पंच्याऐंशी साली गणपती होऊन गेले तरी ते राहूनच गेलं आणि मी मुका झालो. सगळे कोळसा उतरवण्यात गुंतले होते, कोणाच्या लक्षातही आलं नाही. दाब चढला, झडप उडाली, आणि वाफेनं हिरूकाकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. माझ्यापुढचा कागद कोरा होता. मी तिथेच होतो हो, चार हातांवर! ते आठवलं की आजही मला चैन पडत नाही.

ड्रायव्हर लिहिला होता कॉम्प्युटर विभागाच्या येसाजी साहेबांनी. चार दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी चूक सापडली आणि त्यांनी दुरुस्ती लिहिली: बटण दाबताक्षणी खण परत करायचा. पण एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासून सही केल्याशिवाय ते चाचणीपुरतंच चालवायचं, कॉम्प्युटरवर कायमचं चढवायचं नाही, असा तिथला नियम होता. तपासायची होती जयाला. कर्जतहून येणारी मुलगी, नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं.

दुरुस्ती माझ्याकडूनच छापून घेतली. खण परत करायची ती सतरावी ओळ छापताना मी हादरलो. चूक मला दिसत होती. पण माझ्या तोंडी जे देतील तेवढंच मी बोलणार!

"सही कर, जया. तीन दिवस चालवून बघितलंय," साहेब म्हणाले. "सोमवारी बॉयलर पेटवायचाय."

जया लाल पेन्सिल घेऊन वाचत राहिली. एकदा, मग पुन्हा. साहेब घड्याळ बघत होते. पेन्सिल सतराव्या ओळीवर थांबली, आणि मी मनातल्या मनात ओरडलो, तिथंच, पोरी, तिथंच!

हिरूकाका पट्टी बांधलेला हात सांभाळत दारात उभे होते. जयानं विचारलं, "काका, बटण दाबल्यावर हा लगेच थांबतो का?"

"नाय गं. हातातली ओळ पुरी करतो, मंगच थांबतो. तवर आमी गोधडी टाकत नाय."

जया साहेबांकडे वळली. "सर, म्हणजे हा अजून अक्षरं उचलतोय आणि आपण खण काढून घेतोय. तेवढ्यात त्या खणात दुसरंच काही आलं तर?"

"तेवढ्यात कोण येतंय? तीन दिवसांत नाही आलं."

"तीन दिवस गोदामाचं काम बंद होतं, सर."

जयानं गोदामाची यादी चालू केली. बॉयलर थंडच होता, म्हणून दाबाचा आकडा तिनं हातानं भरला, अकरा. हिरूकाका डाव्या हातानं बटण दाबायला उभे राहिले. पाच वेळा सगळं बरोबर आलं. साहेब हसले. सहाव्या वेळी मी 'बॉयलर दाब' एवढं छापलं आणि पुढचा आकडा उचलायला गेलो, तर खणात गोदामातली सात पोती! मी सात छापलं. अकराच्या जागी सात. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, आणि तेही हिरूकाकांच्या तोंडावर.

त्यांनी कागद फाडून डोळ्यांजवळ धरला. "सात बघून मी आग वाढवली असती, साहेब," ते हळूच म्हणाले. "मुका परवडला. खोटा नाय."

येसाजी साहेबांचा चेहरा लाल झाला. आता हे जयावर खेकसणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि सतरावी ओळ स्वतःच खोडली. नवी लिहिली: प्रिंटर 'झालं' म्हणेल तेव्हाच खण परत. जयानं ती तीस वेळा चालवून पाहिली, गोदाम चालू ठेवून, आणि मग सही केली. त्यानंतर मी कधी मुका झालो नाही, खोटंही बोललो नाही.

गेल्या महिन्यात नवा प्रिंटर आला. मला काढायला दोघं आले आणि एकानं सरळ वायरीलाच हात घातला. मी ओळीच्या मध्यावर होतो.

"थांबा रं!" हिरूकाका धावत आले. "ओळ पुरी होऊ द्या त्याची."

ते दोघं थांबले. मी ओळ पुरी केली. दाब नऊ. हिरूकाकांनी बटण दाबलं, गोधडी माझ्या अंगावर टाकली आणि ती काढून न घेताच ते वळले.

भंगारवाले दादा, उद्या तुमचा हातोडा येईल. तांब्यासाठी मला फोडा, माझी तक्रार नाही. तेवढी गोधडी मात्र बाजूला काढून कुंभिवलीला पोचती करा. ती हिरूकाकांची आहे. माझं झालंय, आता ती परत जायला हवी.